रसाळ-सुमार-महिपत : आधी परतीचा हिशेब

शनिवार, रात्री

दिवाळीचे पाहुणे गेले, फराळाचे डबे रिकामे झाले, तेव्हा कुठे जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायला जागा मिळाली. रसाळगड, सुमारगड, महिपतगड. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटून तिला समांतर धावणारी रत्नागिरीतल्या खेड तालुक्यातली ही डोंगरधार. दोहोंच्या मध्ये जगबुडीचं खोरं. दक्षिण टोकाला रसाळ, उत्तरेला महिपत, मध्ये सुमार. खेडहून निघायचं, रसाळवर मुक्काम, मग धार धरून उत्तरेला, महिपतवर दुसरा मुक्काम, दहिवलीच्या बाजूने खाली उतरून पुन्हा खेड. तीन दिवसांची फेरी. एकटीने.

आई म्हणाली, "गो बाय, एकटी कशाला जातेस? तिथे काय ठेवलंय?"

रसाळवर तोफा पडल्यात, झोलाईचं देऊळ आहे, महिपतवर पारेश्वराचं, असं सांगितल्यावर जरा नरमली. कोकणात देवळाचं नाव घेतलं की अर्धी परवानगी मिळते. उरलेली अर्धी दादाकडून मिळवायची आहे, आणि तो मुंबईत बसून यूट्यूबवर लोक कड्यावरून पडतानाचे व्हिडिओ बघत असतो.

रविवार

सकाळभर नकाशा. सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा, पोर्टलवरून उतरवून दापोलीत छापून आणलेला. समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने. ऐकायला बारीक वाटतं, पण दोन रेषांच्या मध्ये १०-१५ मीटरचा उभा कातळ सहज दडून बसतो आणि कागदावर त्याचा मागमूस नसतो. नकाशावर जिथे निवांत उतार दिसतो तिथे प्रत्यक्षात हातापायांनी चढावं लागू शकतं. सुमारगडाचं हेच दुखणं. तिघांत सर्वांत छोटा, पण वर जायला कातळातून चढावं लागतं, आणि जाऊन आलेला प्रत्येक जण दृष्टीभयाबद्दल बोलतो. चढताना नाही, उतरताना, असंही सगळे सांगतात. चढताना नजर दगडावर असते. उतरताना पाय टेकायला खाली बघावं लागतं आणि मग सगळं खोरंच दिसतं.

दुपारी वेळेचं गणित. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा अजून चालतो : सपाटीला ताशी ५ किलोमीटर, शिवाय चढाईच्या दर ६०० मीटरला एक तास जास्त. पण त्याने तो स्कॉटलंडच्या थंडीत मांडला. त्याला कोकणातला घाम माहीत नव्हता, कारवीच्या रानात हरवलेली वाट माहीत नव्हती आणि घसाऱ्यावर एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे येतं हेही. मी त्याच्या आकड्याची सरळ दुप्पट केली. पाठीवर ओझं, वाट शोधणं, एकटीने दर फाट्याला थांबून विचार करणं, हे सगळं त्या दुपटीत धरलंय. रसाळ ते सुमार पाच तास सांगतात ते तीन-चार जणांच्या टोळक्याचे. त्यातला एक तरी आधी येऊन गेलेला असतो.

डिसेंबरात उजेड जेमतेम ११ तासांचा. सातला उगवतो, सहाला मावळतो. आणखी एक गंमत लक्षात आली. धार दक्षिणोत्तर आहे, म्हणजे पश्चिमेच्या कुशीतली आडवी वाट सकाळी बराच वेळ सावलीत असणार आणि दुपारनंतर तिथेच ऊन तापणार. पूर्वेच्या कुशीत उलट. नकाशावर पेन्सिलीने दोन्ही प्रकारचे तुकडे वेगवेगळे रंगवले. झाड नसलेल्या कातळावर ही सावली म्हणजे अर्धा लिटर पाणी वाचलं.

सोमवार

शाळेतून आल्यावर पाठीवर दहा किलोची पिशवी घेऊन कर्द्याच्या वाळूत चालले. ओल्या वाळूत नाही, वरच्या सुक्या भुसभुशीत वाळूत. घोट्यांना कळतं. सुट्टीच्या दिवशी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीचा चढ त्याच ओझ्याने चढते, तेव्हा पुजारीकाका विचारतात, "नवस बोललात की काय?"

मंगळवार

हर्णैला मासळी आणायला गेले होते. शेजारचे काका तिथेच भेटले. उभा जन्म तांडेल म्हणून होडी चालवली, आता मुलगा जातो. त्यांना बेत सांगितला. त्यांनी डोंगराबद्दल एक शब्द विचारला नाही. म्हणाले, "जाताना कोण पण जातो गो. परत यायला किती डिझेल लागंल, ते आधी सांग."

घरी येऊन वहीचं नवीन पान काढलं आणि सगळी आखणी उलटी मांडली. आतापर्यंत मी 'इथून पुढे किती' हेच लिहीत होते. गटात असताना परत फिरायचं कुणीतरी म्हणतं, कुणीतरी नको म्हणतं, भांडण होतं आणि त्या भांडणातून बहुधा शहाणपणाचं काही निघतं. एकटीला भांडायला कुणी नाही. माझ्यातली हट्टी बाई आणि माझ्यातली दमलेली बाई, दोघी एकाच बाजूच्या : 'एवढं आलोच आहोत तर.' म्हणून कुठून फिरायचं हे इथेच, पंख्याखाली, पोट भरलेलं असताना ठरवायला हवं. डोंगरावर फक्त पाळायचं.

तर पान असं झालं. रसाळवरून सातला निघायचं. बाराच्या आत सुमारच्या पायथ्याच्या खिंडीत नसले तर सुमार नाही, महिपतही नाही, आल्या वाटेने रसाळला परत. पाणी दीड लिटरच्या खाली गेलं आणि पुढचं टाकं अजून दिसलं नाही, तर परत. वाट सुटली आणि पंधरा मिनिटांत सापडली नाही, तर शेवटच्या ओळखीच्या जागी परत.

आणि काहीही झालं तरी ओढ्याने खाली उतरायचं नाही. 'पाणी गावाकडे जातं' हा सल्ला सपाटीवरच्यांसाठी. आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे ते थर आज पायऱ्यांसारखे उभे आहेत, आणि ओढा त्या प्रत्येक पायरीवरून उडी मारतो. तो मारू शकतो. नाळेत, म्हणजे ओढ्याच्या अरुंद घळीत, शिरलेल्या माणसाला खाली कडा आणि वर चढता न येणारा कातळ अशी जागा मिळते, तिथून आवाजही बाहेर जात नाही.

बुधवार

दादाचा फोन. ऑक्टोबरातच का नाही गेलीस, तेव्हा हिरवं असतं, असं त्याचं म्हणणं. हिरवं असतं खरं. पण परतीच्या पावसाचे ढग दुपारी चढतात आणि धारेवर माझ्याहून उंच दुसरं काही नसतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनमध्ये आहे, पण उघड्या धारेवर इशारा मिळून तरी पळणार कुठे? वीज दिसल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आली म्हणायचं. त्या दहा किलोमीटरमध्ये माझा सगळा ट्रेक बसतो. उलट फेब्रुवारी-मार्चपर्यंत थांबलं तर टाकी आटत जातात आणि वणव्यांचे दिवस येतात. म्हणजे मार्गशीर्ष. गवत वाळलेलं, टाक्यांत पाणी, हवा बरी.

मग त्याने सापाचं काढलं. फुरसं आमच्या परसात निघतं, त्यासाठी डोंगरावर जायला नको, असं मी म्हटलं. पण फोन ठेवल्यावर लिहून काढलं : चावलं तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, तो हात किंवा पाय हलवायचा नाही, मदत बोलवायची आणि दवाखाना गाठायचा. पाय न हलवता एकटीने खाली कसं उतरायचं, याचं उत्तर नाही. म्हणून उत्तर आधीच द्यायचं. गुडघ्यापर्यंत जाड पट्ट्या, हातात काठी, अंधारात चालणं नाही, दगडाच्या फटीत न बघता हात घालणं नाही. सकाळी बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, कारण लाल विंचू. त्या विंचवावर प्राझोसिनचा उपचार जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ते काम आपल्याच कोकणात, महाडला केलं. पण ते औषध दवाखान्यात असतं, माझ्या पिशवीत नाही.

आग्या मोहोळाचंही तसंच. कड्याखालून जाताना अत्तर नाही, डिओ नाही, धूर नाही, आरडाओरडा नाही. आरडाओरडा करायला सोबत कोण आहे म्हणा.

शुक्रवार

खाण्याची तयारी, म्हणजे मजेचा भाग. तयार पाकिटं आणायची नाहीत हे ठरलं. कुळथाची पिठी : हलकी, पाच मिनिटांत शिजते, पोटाला धरून राहते. सोबत तांदळाच्या भाकऱ्या पहिल्या दिवसापुरत्या, पुढे पोहे आणि मेतकूट. कोकमाचं आगळ छोट्या बाटलीत, त्यात मीठ आणि साखर घातली की घामाने गेलेलं बरंचसं परत येतं. ओआरएसची पुडीही घेतेय, कारण आईला त्याच्यावर जास्त विश्वास. सुका जवळा मात्र आईने हट्टाने बांधून ठेवलाय. देवळात मुक्काम आहे हे तिला पुन्हा सांगितलं, तेव्हा कुठे तो डब्यातून बाहेर आला.

महिपतगड सुमारे ३००० फुटांचा. आमच्या अंगणापेक्षा तिथे पाच-सहा अंशच कमी, पण रात्री धारेवर वारा असतो. स्वेटर एक पुरे, वारा अडवणारं जाकीट हवंच.

रविवार

काकांच्या आणि दादाच्या हातात देण्यासाठी एकच कागद दोनदा लिहिला. कुठून कुठे, कुठल्या दिवशी, कुठल्या रंगाचं जाकीट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर घाबरायचं नाही, रेंज नसेल, उशीर झाला असेल. चौथ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत आला नाही तर ११२, आणि महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरची हेल्पलाइन. रात्री कुणालाही शोधायला पाठवायचं नाही, हे ठळक अक्षरात. माझ्यासाठी कुणी अंधारात त्या आडव्या वाटेवर जाऊ नये.

काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. बोट सुमारगडावर ठेवलं. "ह्याचं काय?"

ह्याचं असं, की गावातले कुणी मामा बरोबर आले तरच वर. नाहीतर खालून नमस्कार करून पुढे. पूर्वी वाटाड्या घेणं मला कमीपणाचं वाटायचं. आता वाटतं, ज्या कातळावर पाय सरकला तर दुसऱ्या माणसाची गरज लागणार, तिथे दुसरा माणूस असावा. बाकीची वाट माझी एकटीची आहेच.

"मग एकटी कसली?" काका म्हणाले आणि कागद घडी करून खिशात घातला.

मंगळवार

आमच्या शाळेतले एक सर मूळचे रसाळवाडीकडचे. त्यांनी गावात फोन लावून दिला. पलीकडून मामांनी पहिलं विचारलं, किती माणसं? एक म्हटल्यावर थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "बाई, धारेवरचं गवत अजून उभं हाय. डोक्याएवढं. वाट दिसायची नाय. आठ-दहा दिवसांनी कापणी हुईल, मग या. सुमारला मी येतो."

अक्षय तृतीयेपर्यंत थांबा म्हणाले असते तरी थांबले असते. पंधरा मिनिटांत वाट सापडली नाही तर मागे, असं वहीत लिहिणाऱ्या बाईने डोक्याएवढ्या गवतात कशाला शिरायचं?

पुढच्या आठवड्यात शाळेत घटक चाचणी आहे, त्यानंतरचा शनिवार-रविवार मोकळा. सोमवारची रजा मंजूर झाली होती, ती आता रद्द करून नवीन अर्ज द्यायचा. मुख्याध्यापक कारण विचारतील. मागच्या अर्जात 'घरगुती काम' लिहिलं होतं. ह्या वेळी सरळ 'महिपतगड' लिहीन म्हणते.