सीएसएमटीला आज मुद्दाम रेंगाळलो

मेट्रो ३ ने सीएसएमटीला आलो. खाली एसी, सरकते जिने, सगळं कसं चकाचक. वर आलो आणि बसची वाट बघणारे, टॅक्सीवाले, फेरीवाले, सगळ्यांच्या मधून अंग चोरत स्टेशन गाठलं. मेट्रो आणि लोकलमधलं हे थोडंसं अंतरच सगळ्यात जास्त दमवतं.

जवळच एक आजी दोन पिशव्या आणि नातवाला घेऊन पायऱ्यांकडे बघत उभ्या होत्या. एका पोराने न विचारताच पिशव्या उचलल्या, "चला आजी, सावकाश." स्टेशनच्या पुनर्विकासाच्या आराखड्यात अशी पोरं धरता येत नाहीत, रॅम्प आणि लिफ्ट मात्र धरता येतात.

मग इमारत बघत बसलो. फ्रेडरिक स्टीव्हन्सने घडवलेली, १८८७ साली व्हिक्टोरिया टर्मिनस झालेली, २००४ पासून जागतिक वारसा. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. रोज लाखो लोक जातात, मान वर करायला सवड कुणाला?

२०२२ मध्ये केंद्राने नवी दिल्ली, अहमदाबाद आणि सीएसएमटी या तीन स्टेशनांच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली, खर्च सुमारे १०,००० कोटी. होऊ दे, पण दगडी भिंतीशेजारी काचेचा मॉल उभा करून त्याला आधुनिकीकरण म्हणू नका. मला विचाराल तर पहिला पैसा पादचाऱ्यावर घाला: सावली, रुंद फुटपाथ, स्वच्छ मुतारी, आणि बस कुठून सुटते ते सांगणारा एक धड बोर्ड.

(बसायला बाकं पण वाढवा राव, मी पायरीवर बसलो होतो.)