तुम्ही विचारलंत म्हणून: किनारा सोडून गोव्यात काय पाहावे?

गोव्याला यायचे ठरले की महाराष्ट्रातले स्नेही मला हमखास विचारतात, "किनारे पाहून झाले, आता आणखी काय पाहायचे?" माझे उत्तर ठरलेले आहे: समुद्राकडे पाठ करा आणि नदी ओलांडा.

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत उगम पावलेली मांडवी आणि तिच्या दक्षिणेची जुवारी या दोन नद्या ज्या भूभागाला कवेत घेतात, ती तिसवाडी. १५१० साली आल्फोन्सो द आल्बुकर्कने आदिलशहाकडून घेतली ती हीच. बार्देश आणि साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. फोंडा, पेडणे, डिचोली, सत्तरी हे भाग मात्र अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे एका गोव्यावर पोर्तुगिजांची सत्ता साडेचारशे वर्षे होती, तर दुसऱ्यावर दोनशेहूनही कमी, आणि हा फरक आजही डोळ्यांना दिसतो.

जुन्या गोव्यात बॉम जेझूची बासिलिका आणि से कॅथेड्रल अवश्य पाहा, पण तिथून माघारी न फिरता फोंड्याची वाट धरा. बाणस्तारीचा पूल ओलांडला की तुम्ही जुनी सरहद्द ओलांडलेली असते. सोळाव्या शतकात साष्टी आणि तिसवाडीत देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा भक्तांनी आपले देव या पाण्यापलीकडे, आदिलशाही मुलखात आणले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. फोंडा तालुक्यात एवढी मोठी देवस्थाने एकमेकांच्या इतकी जवळ का, याचे कारण हे आहे. ही हकीकत मनात ठेवून मंगेशीची दीपमाळ आणि तळी पाहिली, तर ते दर्शन निराळे होते.

माझ्या मते याहूनही मोठे आश्चर्य म्हणजे खाजन शेती, आणि तिच्यासाठी तिकीट लागत नाही की वाटाड्या. खाडीकाठची ही जमीन भरतीच्या पातळीपेक्षा सखल. ती गावकऱ्यांनी शतकानुशतके माती आणि जांभ्या दगडाच्या बांधांनी राखली. बांधात 'मानस', म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारे दार, असते. त्याची लाकडी दारे भरतीचे पाणी चढू लागले की त्या दाबानेच मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. पावसाळ्यात गोड्या पाण्याने मातीतला खार धुऊन निघतो आणि खारे पाणी सोसणारे 'कोरगुट' भात पिकते. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरतात, आणि त्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते. बांध फुटून वेळीच दुरुस्त झाला नाही तर शेतात खारे पाणी घुसते आणि पाहता पाहता कांदळवन माजते. अशी ओसाड पडलेली शेते पाहिली की जीव तुटतो, कारण बांध राखणे हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे, त्याला सारा गाव लागतो.

हे सगळे एका दिवसात पाहायचे असेल, तर जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडी बेटावर जा. बेटावरची वाट खाजनांमधून जाते. कदंब राजांचे आराध्यदैवत सप्तकोटेश्वर मूळचे याच बेटावरचे. ते देऊळ पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव पैलतीरी नार्व्याला नेला गेला, आणि १६६८ मध्ये तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी केला. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्यालाही फेरीबोट जाते. देऊळ आकाराने लहान आहे. घाई करू नका, दारावरचा शिलालेख शोधून वाचा. श्रावण-भाद्रपदात आलात तर दिवाडीची शेते हिरवीगार असतात, पण तेव्हा छत्री विसरू नका.