छायापट: राणी चालली!

मंडळी, राणी चालली! राणी म्हणजे माझ्या छायापटातली पुठ्ठ्याची बाहुली, खालून उजेड दिलेल्या काचेवर ठेवून एकेक फोटो (फ्रेम) घेत हलवायची. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाय न घसरता.

मागच्या नोंदीतलं दुखणं तुम्हाला ठाऊक आहेच. टेकलेलं पाऊल दर फ्रेमला केसभर सरकायचं आणि प्लेबॅकला बाई चालत नसून तरंगत निघाल्यासारखी दिसायची. सांधे सैल केले की धड डुलतं, आवळले की मांडीबरोबर अख्खं धड ओढलं जातं. आख्खा पावसाळा यात गेला, त्यात दमट हवेने पुठ्ठा वाकायचा ते वेगळंच.

उपाय लोटे रायनिगर या जर्मन छायापटकर्तीच्याच कामात होता. तिच्या 'प्रिन्स आख्मेद' या चित्रपटातल्या (१९२६) बाहुल्या पुठ्ठा आणि पातळ शिशाच्या पत्र्याच्या, सांधे तारेचे. माझ्या राणीच्या धडात शिसं होतंच, आता पोटरी आणि तळव्यालाही पट्टी लावली. टेकलेला पाय बोटाने दाबून धरायचा, आधी धड पुढे, मग मागचा पाय, शेवटी हात आणि ओढणी. ओनियन स्किनमध्ये (आधीची फ्रेम पडद्यावर फिकट दिसते ती सोय) टाचेवर टाच बसली की मगच शटर. सेकंदाला बारा फ्रेम धरून एका पावलाला आठ देतो. सहा दिल्या की चालीतला राजेशाही तोरा जातो. (शिशाला हातमोजे घालूनच हात लावा, वरून कागद चिकटवा.)

जर्मनीत पॉट्सडॅमला बँकर लुई हागेनच्या गॅरेजवरच्या स्टुडिओत 'प्रिन्स आख्मेद'चं काम १९२३ ते १९२६ चाललं, कॅमेऱ्यावर रायनिगरचा नवरा कार्ल कॉख. सुमारे अडीच लाख फ्रेम टिपल्या, चित्रपटात ९६ हजारांच्या आसपास आल्या. एक पाऊल जमवल्यावर या आकड्यांपुढे हात जोडावेसे वाटतात.

सांध्यांच्या भोकांतून डोकावणारा उजेडही बंद झाला: तारेचं वेटोळं सपाट ठोकायचं, वर काळ्या टिश्यूची टिकली. बारीक जाळीदार नक्षी कापायला ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड घ्या, महागड्या क्राफ्ट नाइफपेक्षा कितीतरी सरस. बाकी सगळं मात्र कात्रीनेच. कात्री स्थिर, कागद फिरता.

एलईडी पॅनेल डिम केलं की लुकलुकतं, म्हणून ते पूर्ण उजेडावर ठेवून काचेखाली बटर पेपरचे थर देत होतो. थर एकमेकांवर चढले तिथे आपोआप डोंगरांच्या रांगा उमटल्या! रायनिगरही पार्श्वभूमीच्या छटा पारदर्शक कागदांच्या थरांतूनच काढायची. मग पार्श्वभूमीला रंगवलेली बाग रद्द. आधी तळ्याचा प्रसंग घेतो, पतंगाच्या कागदाचे थर लावून, आणि पाण्यासाठी खाली दुसरी काच. लिहितालिहिता वाटतंय, क्लोज-अपलाही हीच राणी नको. रायनिगर त्यासाठी मोठी बाहुली वेगळी कापायची. मान, हनुवटी आणि बोटं सुटी असलेलं मोठं डोकं आजच रेखाटायला घेतो.

दोन काचांमध्ये अंतर किती ठेवता? खालच्या काचेवर राणीची सावली पडू न देता पाणी किंचित धूसर हवंय. कुणी केलं असेल तर फोटोसकट सांगा.