खिडकीच्या पोटातली वजनं

मागच्या रविवारी दुपारी आमच्या मागच्या बेडरूमची खिडकी उघडली. तुम्हाला वाटेल यात काय सांगण्यासारखं, पण ही खिडकी आम्ही घर घेतल्यापासून तीन वर्षं बंद होती, आधीच्या मालकांच्या वेळेलाही ती कधी उघडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. रंगाचे इतके थर बसले होते की झडप कुठे संपते आणि चौकट कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. आता ती दोन बोटांनी वर जाते. मला इतका आनंद झालाय की लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

आम्ही राहतो इंग्लंडमधल्या लेस्टरला. इथे एकाला एक चिकटून असलेल्या विटांच्या घरांच्या लांबच लांब ओळी आहेत, होजिअरी आणि बुटांच्या कारखान्यांच्या दिवसांत कामगारांसाठी बांधलेल्या. आमच्या ओळीतल्या मधल्या घरावर दगडात १८९८ कोरलंय. शेजारचे काका १९७२ मध्ये युगांडातून आले, तिथला हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितला तेव्हा. आयुष्यभर होजिअरी कारखान्यात मशीन सांभाळली, त्यामुळे हत्यारांनी भरलेली त्यांची शेड म्हणजे आमच्यासाठी खजिना आहे. पटाशी, रंधा, क्लॅम्प, सगळं त्यांच्याकडूनच आलं.

घर घेतलं तेव्हा एका खिडक्यावाल्या कंपनीचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला सगळ्या काढून टाका, लाकूड कुजलंय, प्लॅस्टिकच्या बसवू, दोन दिवसांचं काम. आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो. तेवढ्यात काकांनी खिशातला चाकू काढून खालच्या पट्टीत टोचला, मग वरच्या, मग बाजूच्या. फक्त खालच्या एका कोपऱ्यात चाकू आत गेला. म्हणाले, "बेटा, इतना सा खराब है, बाकी तो पत्थर है." ते लाकूड म्हणजे उत्तर युरोपातल्या थंडीत सावकाश वाढलेलं पाईन, वर्षाच्या रेघा अगदी जवळजवळ. आज दुकानात मिळणारं पाईन त्याच्यापुढे भुसभुशीत वाटतं.

या खिडक्यांना सॅश म्हणतात. दोन झडपा, एक वर एक खाली, दोन्ही वरखाली सरकणाऱ्या. मला आधी वाटायचं की त्या नुसत्या घर्षणावर थांबतात. तसं नाहीये. चौकटीच्या दोन्ही बाजू पोकळ असतात, पेटीसारख्या, आणि त्यात बिडाची लांबट वजनं लटकत असतात. झडपेला सुती दोरी, दोरी वर कप्पीवरून जाऊन पेटीत उतरते आणि तिच्या टोकाला वजन. आपल्या विहिरीच्या रहाटासारखंच. खालच्या झडपेची दोन वजनं मिळून झडपेपेक्षा किंचित हलकी ठेवायची म्हणजे ती खाली नीट बसून राहते, आणि वरच्या झडपेची किंचित जड म्हणजे ती वर टेकून राहते. मी आमची खालची झडप काचेसकट वजनकाट्यावर ठेवली, ११.४ किलो. पेटीतून काढलेल्या वजनांवर १२ असा आकडा ओतलेला, म्हणजे १२ पौंड, दोन्ही मिळून १०.९ किलो! सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी सुताराने हे बरोबर मोजून लावलं होतं आणि ते अजून बरोबर आहे. त्या क्षणी ठरवलं की ही खिडकी इथून हलणार नाही.

आणि तिची रचनाच अशी की ती खोलता यावी. आतली पट्टी मधून उचकटायची की ती वाकून बाहेर येते, मग खालची झडप निघते, मग मधली बारीक पट्टी (ही बहुतेक वेळा मोडते, नवी थोडक्या पैशात मिळते), मग वरची झडप. पेटीच्या खालच्या बाजूला एक छोटं लाकडी झाकण असतं, ते काढलं की वजनं हाताला लागतात. सगळं आतल्या बाजूने होतं, बाहेर शिडी लावायची गरजच नाही.

दोरी ओवायची पद्धत मला फार आवडली. बारीक सुतळीला एक वाकवलेला खिळा बांधायचा आणि कप्पीवरून आत सोडायचा, तो खाली झाकणाशी आला की ओढून घ्यायचा आणि त्याच्या मागोमाग खरी दोरी. इथले सुतार त्या खिळ्याला उंदीर म्हणतात. परकराच्या नेफ्यातून सेफ्टी पिनने नाडी ओवतो ना, अगदी तेच. आईला व्हिडिओवर दाखवलं तर ती लगेच म्हणाली, गाठ आधी मार नाहीतर आत निसटेल.

दोरीची लांबी मात्र पहिल्यांदा माझी चुकली. मी जास्त ठेवली, त्यामुळे झडप पूर्ण वर जायच्या आतच वजन पेटीच्या तळाला टेकलं, दोरी सैल पडली आणि झडप वीतभर खाली घसरली. हात मध्ये नव्हता हे नशीब. नवीन सुती दोरी थोडी ताणते पण, म्हणून झडप पूर्ण वर असताना वजन तळापासून तीन-चार बोटं वर राहील एवढीच दोरी ठेवायची. सगळं परत खोलून केलं.

एक गोष्ट कळकळीने सांगते, जुन्या घराचा रंग कधीही कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असतं, इथे सामान्य गिऱ्हाइकाला असा रंग विकणं १९९२ मध्ये बंद झालं. आम्ही चाचणीचं किट आणलं, खालच्या थरांवर ते लालभडक झालं. मुलगी चार वर्षांची, ती त्या सगळ्या शनिवार-रविवारी मैत्रिणीकडे. चांगला मास्क, जमिनीवर प्लॅस्टिक, काचपेपर पाण्यात भिजवूनच घासायचं, चिखल पुसून पिशवीत. वेळ जातो पण लहान मूल घरात असताना दुसरा विचारच नको.

काचा जुन्याच ठेवल्या. त्या सपाट नाहीत, काचेचा मोठा नळा फुंकून, चिरून, सपाट करून बनवायचे त्या काळातल्या आहेत. आज सगळीकडे दिसणारी गुळगुळीत काच पिल्किंग्टन या काच कंपनीच्या फ्लोट (वितळलेल्या कथलावर काच तरंगवून सपाट करायच्या) पद्धतीची, ती १९५९ ला जाहीर झाली. आमच्या काचेतून मागचं सफरचंदाचं झाड बघताना मान हलवली की फांद्या पाण्यातल्यासारख्या हलतात. आपल्याकडे पेंटर ज्याला लांबी म्हणतात ती इथे खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून करतात, भाकरीच्या पिठासारखी हाताच्या उबेने मऊ होते. घरभर जवसाचा वास, मला सारखी आजीची चटणी आठवत होती. ती लांबी दोनेक आठवडे तशीच सुकू द्यायची आणि मगच रंग.

कुजलेला कोपरा पटाशीने चांगल्या लाकडापर्यंत कापून नवीन तुकडा तिरक्या सांध्याने बसवला, ते काम बहुतांश काकांनीच केलं. थंडीचं म्हणाल तर डबल ग्लेझिंगएवढी (दोन काचांच्या बंद संचाएवढी) ऊब या खिडकीत नाही, ते खोटं सांगणार नाही. पण मधल्या पट्टीत ब्रशची झालर लावली, जाड अस्तराचा पडदा लावला, वारा येत नाही. आणि समोरच्या घरातल्या वीस वर्षांच्या प्लॅस्टिक खिडक्यांच्या दोन काचांमध्ये वाफ धरलीये, तो बंद काचसंच उघडून दुरुस्त करता येत नाही, अख्खा बदलावाच लागतो.

खिडकीच्या खाली भिंतीला ओल होती. ते बघायला आलेल्या एकाने भिंतीला भोकं पाडून केमिकल भरायला सांगितलं. इथे कवी आणि डिझायनर विल्यम मॉरिसने १८७७ ला सुरू केलेली जुन्या इमारती जपणारी संस्था आहे, त्यांची फुकट सल्ला देणारी फोनलाइन आहे, तिथे विचारलं. त्यांनी पहिला प्रश्न केला, बाहेरच्या विटांच्या सांध्यात काय आहे? सिमेंट. घर मूळचं चुन्याचं. नऊ इंची भरीव भिंत, पावसाचं पाणी थोडं शोषते आणि चुन्याच्या सांध्यातून परत सोडते. नंतर कुणीतरी सिमेंट भरलं, आतून जिप्समचा गिलावा, वर प्लॅस्टिक रंग, मग ओल जाणार कुठून?

मग सहा शनिवार-रविवार हातोडी-पटाशीने ते सिमेंट खरवडलं आणि चुना-वाळू भरली, वर गोणपाट भिजवून टांगलं. बाबांना फोनवर सांगत होते तर ते एकदम गप्प झाले. वाईच्या आमच्या वाड्याची मागची भिंत त्यांनी नव्वदच्या सुमाराला सिमेंटने गिलावून घेतली होती, तेव्हापासून तिला लोणा लागतोय, दर दोन वर्षांनी रंग पडतो. मूळ बांधकाम चुन्याचंच, घाणीत, म्हणजे चुना दळायच्या चक्कीत, मळलेला, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायचे असं पणजोबा सांगायचे म्हणे. बाबांनी दुसऱ्याच आठवड्यात एक हातभर सिमेंट काढून फोटो पाठवला, आतली वीट पिठासारखी झालेली. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधतायत, भोरकडे एक जण आहे असं कळलंय.

आमच्या भिंतीला सुकायला इंचाला साधारण एक महिना धरायचा म्हणतात, म्हणजे उन्हाळा जाईल. तोवर आत कच्चीच ठेवलीये, बेड मधे ओढलाय. पुढे समोरच्या खोलीच्या तीन खिडक्या आहेत, त्यातल्या एकीची दोरी तुटून वजन पेटीत पडलंय, झडप सरकवली की आत खडखडतं. मागची मात्र रात्री मुलगीच बंद करते, स्टुलावर उभी राहून, आणि झडप खाली टेकली की पेटीत दोन्ही वजनं हलकेच टकटक वाजतात, मग ती झोपते.