स्मारकाचा पहिला हप्ता

माझे आजोळ जावळी तालुक्यातले, त्यामुळे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या केडंबे या गावी होणाऱ्या स्मारकाची बातमी मी जरा अधिकच लक्ष देऊन वाचली. मार्च २०२५ मध्ये राज्य शासनाने या स्मारकासाठी १३ कोटी ४६ लाख रुपयांना मंजुरी दिली आणि त्यातील वीस टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी ७० लाख रुपये, पहिला हप्ता म्हणून द्यायचे ठरवले. पुढे एकदा मेढ्याच्या एसटी स्थानकावर गाडीची वाट पाहताना हा विषय निघाला, तेव्हा नात्यातले एक काका पिशवी मांडीवर घेत एवढेच म्हणाले, "बांधतील ओ, पण रोज झाडून कोण काढणार?"

ओंबळे यांचे स्मारक व्हावे की नाही, हा प्रश्न माझ्या मनात नाही. सैन्यातून निवृत्त होऊन मुंबई पोलीस दलात आलेल्या, हातात फक्त लाठी असलेल्या या सहायक उपनिरीक्षकाने मुंबईवरील २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात गिरगाव चौपाटीजवळ हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि म्हणूनच तो हल्लेखोर जिवंत हाती लागला. मरणोत्तर अशोक चक्र मिळाले, चौपाटीवर पुतळा उभा राहिला. २०२१ मध्ये संशोधकांनी ठाण्यात सापडलेल्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला 'आयसियस तुकारामी' असे नाव दिले. शासनाच्या तिजोरीतून एक रुपयाही न घेता झालेले हे स्मरण मला मनापासून आवडते.

प्रश्न आहे तो पैसा कोणत्या खात्यातून आणि किती काळ येतो याचा. बांधकाम हा भांडवली खर्च असतो. अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, हप्ता, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि पुढचा हप्ता अशी त्याची वाट ठरलेली असते आणि शेवटी उद्घाटनाची कोनशिला बसते. देखभालीचा खर्च मात्र दरवर्षी नव्याने मागावा लागतो आणि तो मागण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे पुष्कळदा कोठेच लिहिलेले नसते. डोंगरातल्या लहान गावाच्या ग्रामपंचायतीकडे घरपट्टी आणि पाणीपट्टी सोडली तर स्वतःचे उत्पन्न ते काय असणार?

मुंबईत या प्रश्नाला थोडेसे उत्तर मिळते, कारण तेथे ज्या त्या संस्थेने आपापल्या माणसांची आठवण सांभाळली आहे. ताज हॉटेलच्या दालनात ३१ नावे कोरलेली आहेत आणि तो खर्च हॉटेलचा आहे. पोलिसांचे स्मारक आधी मरीन ड्राइव्हच्या पोलीस जिमखान्यात होते; किनारी रस्त्याच्या कामामुळे ते पोलीस आयुक्तालयाच्या आवारात हलवावे लागले, पण दल पाठीशी असल्यामुळे त्याची हेळसांड झाली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या हल्ल्यात १६६ माणसे गेली, त्यांपैकी सुरक्षा दलांतील १८. उरलेल्यांत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर गाडीची वाट पाहत बसलेले कितीतरी प्रवासी होते, ज्यांच्यामागे ना दल होते ना हॉटेल. सकाळच्या गर्दीत मी त्यांच्या नावांच्या फलकासमोरून अनेकदा गेलो आहे आणि खरे सांगायचे तर बहुतेक वेळा न थांबता.

इतक्या पैशांत हुतात्म्यांच्या आणि मृतांच्या घरच्यांना मदत करा, असे म्हणणारेही भेटतात. दहशतवादी हिंसाचारातील नागरी मृतांच्या वारसांसाठी केंद्राची योजना २००८ पासून आहे. तिच्यातील ३ लाखांची रक्कम २०१६ मध्ये ५ लाख झाली. ती आजही तुटपुंजी आहे, यात शंका नाही. पण ती वाढवायची तर तिच्यासाठी स्वतंत्र तरतूद मागावी. स्मारकाचा पैसा अडवला म्हणून तो आपोआप वारसांकडे वळत नाही.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ रोजी पेनसिल्व्हेनियात कोसळलेल्या विमानाचे स्मारक राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे. संघराज्याचेच एक खाते ते चालवते, त्यामुळे तेथल्या साफसफाईपासून माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्यापर्यंत सर्वांची जबाबदारी कोणाची, हे विचारावे लागत नाही. आपल्याकडे असे खाते नाही, तेव्हा केडंब्यापुरता एक साधा हिशेब मी करून पाहिला. मंजूर रकमेतील ५० लाख रुपये ठेव म्हणून बाजूला काढले आणि सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला साडेतीन लाख, म्हणजे महिन्याला सुमारे २९ हजार रुपये हाती येतात. शासकीय निधी असा ठेवीत अडकवायला वित्त विभागाची परवानगी लागेल आणि ती सहज मिळणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण तेवढ्या रकमेत गावातलाच एक माणूस कायमचा कामावर ठेवता येईल, आणि बहुधा विजेचे बिलही त्यातूनच भागेल.