तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रास बसून कोण ऐकतं?

घरातल्या ब्रास क्विंटेटच्या, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं वाजवणाऱ्या पाच जणांच्या संचाच्या, सीडी पाहिल्या की पाहुणे हमखास विचारतात, "ट्रम्पेट म्हणजे वरात नाहीतर परेड. हे बसून कोण ऐकतं?"

शंका रास्त आहे. चेंबर म्युझिक म्हणजे कंडक्टरशिवाय मोजक्या वादकांनी आपसात वाजवायचं संगीत, आणि त्यात मान तंतुवाद्यांचा. हायडन, मोझार्ट, बेथोव्हन यांनी त्यांच्यासाठी ढीगभर लिहिलं. ब्राससाठी लिहिणार तरी कसं? त्यांच्या काळच्या साध्या ट्रम्पेटमधून नळी देईल तेवढेच स्वर निघत. नळीची लांबी बदलून बाकीचे स्वर देणारे व्हॉल्व्ह आले 1810 च्या दशकात, ट्युबाचं पेटंट 1835 चं. दोन ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्युबा हा संच जुळेपर्यंत ही मंडळी निवर्तली होती! पुढे रशियात व्हिक्टर एवाल्ड यांनी ब्राससाठी सुरेख क्विंटेट लिहिली. ते पेशाने इंजिनिअर.

विसाव्या शतकात न्यूयॉर्क ब्रास क्विंटेट (1954) आणि अमेरिकन ब्रास क्विंटेट (1960) यांनी हा प्रकार गंभीरपणे घ्यायला लावला, संगीतकारांकडून नव्या रचना लिहून घेतल्या. पण तो जाणकारांचा कारभार. सामान्य श्रोत्याला खुर्चीत बसवलं ते 1970 मध्ये टोरोंटोत सुरू झालेल्या कॅनेडियन ब्रासने. ट्युबावाले चक डेलेनबाख आणि ट्रॉम्बोनवाले जीन वॉट्स हे संस्थापक. औपचारिक सूटखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, दोन रचनांमध्ये चेष्टामस्करी, आणि बाखला लागून फॅट्स वॉलरचा जॅझ. 1977 मध्ये ते चीनलाही वाजवून आले.

नाकं मुरडणारे होतेच. त्या विनोदांनी मीही कधीकधी कंटाळतो. पण बाखचा 'जी मायनर' फ्यूग (एकच धून एकामागून एक आवाज उचलतात अशी रचना) त्यांच्याकडून ऐकावा. मूळ रचना ऑर्गनची, आणि ऑर्गन तरी काय, हवेवरच चालणारं वाद्य. ती मुख्य धून वरच्या आवाजापासून उतरत उतरत शेवटी तळाशी ट्युबाकडे पोचते. ऑर्गनवर एकमेकांत मिसळणारे आवाज इथे सुटे सुटे कळतात.

आणि माझ्या मते त्यांचं खरं काम मंचाबाहेरचं आहे. आपल्या रूपांतरांचं नोटेशन त्यांनी छापून विकायला ठेवलं, त्यात अगदी नवशिक्यांसाठी सोप्या वह्यासुद्धा. शाळेच्या बँडमधल्या पाच पोरांना परेडखेरीज वाजवायला काहीतरी मिळालं. बूट आणि विनोद लोकांना सभागृहापर्यंत आणतात. वाजवणारे तयार होतात ते या वह्यांनी.

तेव्हा आधी तो फ्यूग ऐका, मग एवाल्ड. थट्टामस्करी नकोच असेल, तर माल्कम आर्नल्डचं 1961 चं क्विंटेट लावा, न्यूयॉर्कवाल्यांसाठीच लिहिलेलं. मधला शकॉन (एकच ठरावीक चाल पुन्हा पुन्हा घेऊन रचलेला भाग) चांगलाच गंभीर आहे, वरातीत वाजवून दाखवा!