समाजशास्त्र शिकवता, मग हात कसे जोडता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. 'वर्गात देवाधर्माची चिरफाड करता आणि गंगेवर गेलात की हात जोडता, हे कसं?' हा प्रश्न विद्यार्थी विचारतात, परवा व्याह्यांनीही विचारला. (आम्हा नाशिककरांची गोदावरी ही गंगाच.)

पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की क्युसेकचे आकडे मोबाइलवर येऊन पडतात. आई ते बघत नाही. ती विचारते, "मारुतीच्या कुठवर आलंय?" रामकुंडाजवळ नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला. गळ्याशी आलं की सराफ बाजारात धावपळ. म्हणजे आमचा देव पूर मोजायची पट्टीही आहे. तरी धरणावरच्या पट्टीला कोणी शेंदूर फासत नाही. का?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम हा ज्यू धर्मगुरूचा मुलगा, स्वतः अश्रद्ध. १९१२ साली त्यानं लिहिलं की पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं, ज्याला शिवायचं नाही असं. पावित्र्य दगडात नसतं, समाज ते दगडाला देतो. आणि सगळे मिळून त्याच्यापुढे वाकतात तेव्हा नकळत आपल्याच एकत्र असण्याला नमस्कार करतात. पूर बघायला पुलावर गर्दी होते, अनोळखी माणसं एकमेकांना "कमरेच्या वर गेलं हो" सांगतात, तेव्हा मला हे शंभर टक्के पटतं. माझे हात जोडले जातात ते तिथे.

पण 'सगळे मिळून' यात कोण कोण? पुलावरून काळाराम मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. चारही दरवाजे बंद, दरवाज्यांवर सत्याग्रही. अनेक वर्षं लढूनही दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी सांगून टाकलं, हिंदू म्हणून मरणार नाही. ज्यांना शिवायचं नाही अशी तिथे माणसंच होती. एकत्र असण्याचा नमस्कार वगैरे या दाराशी येऊन अडकतो.

दरवर्षी मुलांना तिथे नेतो. मागे एका मुलीनं विचारलं, "सर, तेव्हा तुमचे आजोबा दाराच्या कुठल्या बाजूला होते?"

आतल्या. तसं तिला सांगितलं. त्या दिवशी माझे हात खिशातच राहिले. पुढच्या पुरात मारुतीला मात्र जोडले.